जाळे कापणाऱ्याच्या हातातला कॅमेरा

एखाद्या मासेमारी बोटीवर मोबाइलने घेतलेली चित्रफीत अशी असते. चौकट सारखी हलत असते, क्षितिज तिरके झालेले असते, इंजिनाची धडधड आणि खलाशांची ओरड यांत शब्द नीट कळत नाहीत. जाळ्यात काहीतरी प्रचंड अडकलेले असते. करडी पाठ, तिच्यावर पांढरे ठिपके. एक जण काठावरून वाकून जाळे कापतो, दुसरा दोर सैल करतो आणि तिसरा हे सगळे टिपत असतो. थोड्या वेळाने ती पाठ पाण्याखाली जाते आणि चित्रफीत संपते. निवेदन नाही, संगीत नाही, सूर्यास्ताचे दृश्य नाही.

वन्यजीवांवरच्या चित्रपटांना जगभरात पुरस्कार मिळतात, त्यांत अशी चित्रफीत कधी दिसणार नाही. पण गेल्या वीस वर्षांत भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर एखादा जीव वाचवण्यात कॅमेऱ्याचा सर्वांत थेट उपयोग कुठे झाला असेल, तर तो इथे. जाळे कापणाऱ्याच्या हातात कॅमेरा कसा आला, ही गोष्ट समजून घेण्यासारखी आहे. वन्यजीवांची गोष्ट कोणी सांगायची, कोणाला आणि कोणत्या भाषेत, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

तो मासा म्हणजे व्हेल शार्क. नावात व्हेल असला तरी हा मुशीच्या कुळातला, जगातला सर्वांत मोठा मासा. दहा-बारा मीटर लांबी त्याच्या बाबतीत नवलाची नाही. तोंड मीटरभर रुंद, पण खाणे प्लवकांचे आणि बारीक मासळीचे. माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही. धोका आहे तो त्याला माणसापासून. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, वेरावळच्या आसपास, नव्वदच्या दशकात दर हंगामाला असे शेकडो मासे मारले जात. यकृताचे तेल होड्यांच्या लाकडाला लावायचे, ही जुनी रीत. नंतर मांसाला परदेशात, विशेषतः तैवानमध्ये, गिऱ्हाईक मिळाले आणि शिकार वाढली. मोठा गळ दोराने रिकाम्या पिंपांना बांधायचा, गळ माशाला लावायचा. मासा खोल जाऊ पाहतो, पिंपे त्याला वर खेचतात, तो दमतो. त्या पिंपांवरून तिथल्या कोळ्यांनी माशाचे नावच ‘बॅरल’ पाडले होते. ज्या प्राण्याला त्याच्या मारण्याच्या साधनाचे नाव मिळते, त्याची अवस्था वेगळी सांगायला नको.

माइक पांडे यांनी या शिकारीवर माहितीपट केला, ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल शहरात भरणाऱ्या ‘वाइल्डस्क्रीन’ महोत्सवाचा पांडा पुरस्कार, ज्याला कौतुकाने ‘ग्रीन ऑस्कर’ म्हणतात, तो या माहितीपटाला २००० साली मिळाला. त्याआधी भारताच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कची एवढी कत्तल होते, हे सरकारदरबारी फारसे कोणाला ठाऊक नव्हते. मे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात व्हेल शार्कचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण, तेच या माशाला. असे संरक्षण मिळालेला तो भारतातला पहिला मासा. एका माहितीपटाने कायदा बदलला, असे आपण सहज म्हणू शकतो आणि ते बरेचसे खरेही आहे.

पण कायदा दिल्लीत बदलला होता. वेरावळच्या धक्क्यावरच्या तांडेलाने तो माहितीपट पाहिलेला नव्हता आणि पाहिला असता तरी तो त्याच्याविषयी होता, त्याच्याशी बोलणारा नव्हता. त्याच्या दृष्टीने काल जो धंदा होता, तो आज गुन्हा झाला होता, एवढेच.

खरा बदल घडला तो २००४ नंतर. वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचा वनविभाग आणि टाटा केमिकल्स यांनी मिळून किनाऱ्यावर मोहीम सुरू केली. त्यांनी कथाकार निवडला तो सौराष्ट्रातलाच आणि श्रोत्यांनी आधीपासून मानलेला: रामकथा सांगणारे मोरारी बापू. त्यांनी या माशाला ‘व्हाली’ म्हटले, म्हणजे लाडकी. ही लेक बाळंतपणासाठी माहेरी आली आहे आणि माहेरी आलेल्या लेकीला कोणी मारत नाही, असे सांगितले. गावोगावी गुजरातीत पथनाट्य झाले. खऱ्या आकाराचा, हवा भरून फुगवलेला व्हेल शार्क बंदराबंदरांत नेला गेला. ज्या कोळ्यांना ‘परिशिष्ट एक’ कळत नव्हते, त्यांना माहेर कळत होते. मराठी वाचकाला तर हे समजावून सांगायची गरजच नाही.

इथे विज्ञानाच्या बाजूने एक खोच काढायला हवी. व्हेल शार्क गुजरातच्या किनाऱ्याला खरोखर पिल्ले घालायला येतात का, हे अजून पुरेशा पुराव्याने सिद्ध झालेले नाही. या माशाच्या प्रजननाबद्दल एकूणच माहिती तुटपुंजी आहे. १९९५ मध्ये तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या पोटात सुमारे तीनशे पिल्ले सापडली, तेव्हा कुठे हा मासा पोटातच अंडी उबवून जिवंत पिल्ले देतो हे नक्की झाले. म्हणजे ‘माहेरी आलेली लेक’ ही गोष्ट विज्ञानाच्या दोन पावले पुढे गेली. काटेकोर वैज्ञानिकाला हे खटकेल. मलाही थोडे खटकते. पण मारणारे हात त्या गोष्टीने थांबले, हेही नाकारता येत नाही.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. व्हेल शार्क जाळ्यात सापडला तर तो सोडायचा, त्यासाठी जाळे कापावे लागले तर वनविभाग भरपाई देणार, असे ठरले. पण भरपाईला पुरावा हवा. सुरुवातीला मच्छीमार किनाऱ्यावर कळवत आणि वनविभागाचे लोक बोटीने येईपर्यंत मासा जाळ्यातच अडकून राही. मुशीच्या कुळातल्या अनेक माशांना कल्ल्यांवरून पाणी वाहते ठेवायला पोहत राहावे लागते. जाळ्यात गेलेला प्रत्येक तास त्यांना महाग पडतो. मग उपाय निघाला तो अगदी साधा. पाण्याने न बिघडणारे छोटे कॅमेरे मच्छीमारांनाच दिले गेले. जाळे कापा, मासा सोडा, फोटो काढा, दाखवा. साहेबांची वाट बघायची गरज उरली नाही. मासा जाळ्यात अडकून राहण्याचा वेळ त्यामुळे खूप घटला. आजवर शेकडो व्हेल शार्क असे सोडले गेले आहेत.

महाराष्ट्राच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने २०१८ च्या अखेरीस याच धर्तीवर योजना आणली. व्हेल शार्क, समुद्री कासवे, डॉल्फिन असे संरक्षित जीव जाळ्यात आले आणि ते सोडताना जाळ्याचे नुकसान झाले, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो किंवा चित्रफीत. तोवर प्रत्येक खलाशाच्या खिशात मोबाइल आलेलाच होता.

या प्रवासात गोष्ट तीनदा सांगितली गेली. पहिल्यांदा माहितीपटात, जगाला आणि सरकारला. दुसऱ्यांदा पथनाट्यात, गावाला. तिसऱ्यांदा मच्छीमाराने स्वतः. पहिली नसती तर कायदा आला नसता, हे मान्यच. पण पुरस्कार, निधी आणि टाळ्या बहुतेक वेळा पहिलीपाशीच थांबतात.

जागतिक पातळीवर हे चित्र आणखी ठळक आहे. निसर्गपटांची पंढरी म्हणजे ब्रिस्टल. बीबीसीचा निसर्ग इतिहास विभाग तिथे १९५७ पासून आहे. आफ्रिकेतला सिंह, अॅमेझॉनमधला जॅग्वार, आपला वाघ, या सगळ्यांच्या गोष्टी दशकानुदशके तिथून लिहिल्या आणि जोडल्या गेल्या. त्यांचे चित्रीकरण थक्क करणारे असते, ते पाहत आपली एक पिढी वाढली आणि त्यातले कित्येक जण ते पाहूनच जीवशास्त्राकडे वळले. त्याचे ऋण मानूनही काही प्रश्न विचारता येतात.

केट हाउलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक निसर्गपटांची छाननी करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. या चित्रपटांत ज्या सजीवांचा उल्लेख येतो, त्यांत सुमारे ८१ टक्के पाठीचा कणा असलेले प्राणी. प्रत्यक्षात विज्ञानाला माहीत असलेल्या प्रजातींत त्यांचा वाटा जेमतेम तीन-साडेतीन टक्के. कीटक, वनस्पती, बुरशी पडद्यावर क्वचितच. संवर्धनाचा विषय तर एकूण सुमारे १६ टक्के चित्रपटांतच निघाला होता. अलीकडच्या दशकात हे प्रमाण निम्म्याजवळ पोहोचले, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. दुसरा अभ्यास २०१६ च्या ‘प्लॅनेट अर्थ’च्या दुसऱ्या पर्वाचा. फर्नांडेझ-बेयॉन आणि केन या संशोधकांनी ती मालिका दाखवली जात असताना ट्विटर आणि विकिपीडियावर काय घडले ते तपासले. मालिकेत दिसलेल्या प्राण्यांबद्दल लोक वाचायला लागले, हे आकड्यांत स्पष्ट दिसले. संवर्धन संस्थांना मिळणाऱ्या देणग्यांत मात्र त्यांना वाढ आढळली नाही. कुतूहल जागे होते, पुढचे पाऊल आपोआप पडत नाही.

आणि या चित्रपटांत माणूस नसतो. चौकटीबाहेर रस्ता आहे, शेत आहे, गुरे आहेत, पण पडद्यावर अस्पर्श रान. मूठभर जागा सोडल्या तर भारतात असे रान कुठेच नाही. आपल्याकडच्या वन्यजीवांची खरी कथा म्हणजे शेजाराची कथा आहे आणि ती शेजाऱ्याशिवाय पूर्ण होत नाही.

हे ज्यांना लवकर उमगले त्यांत रीता बॅनर्जी हे नाव महत्त्वाचे. त्या माइक पांडे यांच्याच स्टुडिओत तयार झाल्या, ‘शोअर्स ऑफ सायलेन्स’वरही त्यांनी काम केले. पुढे शिल्पी शर्मा यांच्यासोबत त्यांनी ईशान्य भारतातल्या शिकारीवर ‘द वाइल्ड मीट ट्रेल’ हा माहितीपट केला आणि २०१० मध्ये त्यालाही पांडा पुरस्कार मिळाला. विषय अवघड होता. अरुणाचल, नागालँड, मिझोराम या भागांत शिकार हा सणावाराचा, पाहुणचाराचा, पुरुषार्थाचा भाग. शहरातून कॅमेरा घेऊन जायचे आणि मारलेले प्राणी टिपून यायचे, यात सनसनाटी भरपूर, पण हाती लागते ती फक्त लाज आणि राग. बॅनर्जी यांनी माहितीपट पूर्ण झाल्यावर तो त्याच गावांत नेऊन दाखवला. जंगलात पूर्वी काय दिसायचे आणि आता काय दिसत नाही, यावर म्हातारी माणसे बोलू लागली. शिकाऱ्याइतका प्राण्यांचा अभ्यास कोणाचा असतो? कोणते हरीण कोणत्या महिन्यात कोणत्या ओढ्यावर येते, हे त्याला तोंडपाठ. त्याची साक्ष ही नुसती कबुली नसते, ती माहिती असते.

त्याच भागातली पुढची घटना बहुतेकांना आठवत असेल. ऑक्टोबर २०१२. नागालँडच्या वोखा जिल्ह्यात, दोयांग धरणाच्या जलाशयावर, अमूर ससाण्यांची कत्तल होत असल्याचे चित्रण एका छोट्या गटाने बाहेर आणले. त्या गटात नागालँडच्याच पत्रकार बानो हरालू होत्या, पक्षी-अभ्यासक शशांक दळवी होते. अमूर ससाणा जेमतेम दीडशे ग्रॅमचा पक्षी. सैबेरिया-उत्तर चीनमधून निघून आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडे जाताना लाखोंच्या संख्येने दोयांगला थांबतो. तिथे मासेमारीची जाळी झाडांमध्ये उभी बांधून दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी पकडले जात होते, असा त्या गटाचा अंदाज. चित्रफीत जगभर गेली, संताप उसळला.

संतापाने काय होते, ते आपण जाणतो: बंदी, पोलीस आणि चोरटी शिकार. तसे झाले नाही. पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, दोयांगला एकही पक्षी मारला गेल्याची नोंद झाली नाही. यामागे वर्षभराचे काम होते. पांगती, आशा, सुंग्रो या गावांच्या ग्रामसभांनी स्वतः दंड ठरवले, चर्चने प्रवचनांतून विषय काढला, हरालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांचे निसर्ग मंडळ काढले. जाळी लावणाऱ्यांपैकी अनेकांची शेती धरणाच्या पाण्याखाली गेली होती, ही गोष्ट बाहेरच्या कॅमेऱ्याला दिसली नसती. घरातल्या माणसाला ती आधीपासून ठाऊक होती. त्या नोव्हेंबरात तीन ससाण्यांच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारी यंत्रे बसवली गेली आणि त्यांना नावे दिली गेली: नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावात कालपर्यंत पक्षी भाजले जात होते, तिथली मुले आता आपल्या गावाच्या नावाचा पक्षी अरबी समुद्र ओलांडतो आहे का, याची चौकशी करू लागली. याच जातीचे ससाणे नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या आसपास दिसतात. पुण्या-मुंबईचे पक्षीवेडे कॅमेरे घेऊन तिकडे धावतात. पुढच्या वेळी त्यांच्यापैकी एखादा दिसला, तर तो दोयांगवरून सुखरूप सुटून आलेला असू शकतो, हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

बॅनर्जी यांनी २०१४ मध्ये आसामातल्या तेजपूरला ‘ग्रीन हब’ सुरू केले, नॉर्थ ईस्ट नेटवर्क या महिला हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या साथीने. कल्पना अशी: ईशान्येच्या आठही राज्यांतून दर वर्षी सुमारे वीस तरुण-तरुणी निवडायच्या आणि वर्षभर त्यांना निसर्ग, वन्यजीव आणि लोकजीवन यांचे चित्रण शिकवायचे. त्यांतल्या अनेकांनी त्याआधी कॅमेरा हातात धरलेला नसतो. कोणी शाळा अर्धवट सोडलेली, कोणी शेतावर राबणारे, कोणी शिकाऱ्याच्या घरातले. पदवीपेक्षा आपल्या भागाशी असलेले नाते मोलाचे धरले जाते. आधी कॅमेरा, ध्वनी, संकलन यांचे धडे, मग प्रत्यक्ष गावांत आणि जंगलांत काम. जे चित्रित होते त्याचा संग्रहही केला जातो. गेल्या काही वर्षांत भोपाळला मध्य भारतासाठी अशीच शाखा उभी राहिली आहे.

असा माणूस वर्षाअखेरी गावी परततो तेव्हा काय होते? परदेशी चमूकडे उत्तम भिंग असते, पण मुक्काम सहा आठवड्यांचा. त्या सहा आठवड्यांत पाऊस लांबला, धनेशाच्या जोडीने ढोली बदलली, की हात हलवत परत. गावातल्या मुलाकडे साधा कॅमेरा असतो आणि तीनशे पासष्ट दिवस. निसर्गविज्ञानात एकाच जागी सातत्याने केलेल्या नोंदीला पर्याय नसतो. फुलोरा केव्हा आला, बेडूक केव्हा ओरडायला लागले, हत्तींनी यंदा कोणती वाट धरली, हे हवामान बदलाच्या काळात सोन्याच्या मोलाचे तपशील आहेत. त्यांच्यावर तारीख आणि ठिकाण असले म्हणजे झाले.

पण मदत म्हणजे कॅमेरा भेट देणे नव्हे, इथे अनेक चांगल्या हेतूंची गाडी अडते. कॅमेरा हा खर्चातला सर्वांत सोपा भाग आहे, कारण त्याचा फोटो छापता येतो. त्यानंतर हार्ड डिस्क लागते, संकलनाला चालेल असा संगणक लागतो, जंगलात जायची परवानगी लागते, तिचे शुल्क आणि तिच्यासाठीच्या फेऱ्या वेगळ्या. सगळ्यांत महाग पडतो तो वेळ. सहा महिने बिबट्याच्या मागावर राहणाऱ्याचे घर कोण चालवणार? शहरातला हौशी छायाचित्रकार नोकरी सांभाळून रविवारी जंगल गाठतो. शेतमजुराचा मुलगा पेरणीच्या दिवसांत कॅमेरा घेऊन बसू शकत नाही. म्हणून ग्रीन हबसारख्या ठिकाणी वर्षभराचा निर्वाह सांभाळला जातो, ही त्यातली मला सर्वांत शहाणी वाटणारी गोष्ट.

दुसरा प्रश्न श्रेयाचा आणि मालकीचा. वाट दाखवणारा, घरटे शोधून देणारा, रात्रभर मचाणावर बसणारा स्थानिक माणूस श्रेयनामावलीत ‘आभार’ या शब्दाखाली येतो, कधी तेवढाही येत नाही. विज्ञानात याला आता नाव मिळाले आहे: पॅराशूट विज्ञान. वरून उतरायचे, नमुने घ्यायचे, शोधनिबंध लिहायचा, निघून जायचे. चित्रपटांतही हेच चालते, फक्त त्यावर चर्चा कमी होते.

‘द एलिफंट व्हिस्परर्स’ या लघुमाहितीपटाला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळाले, तेव्हा मुदुमलाईजवळच्या हत्ती छावणीतले बोम्मन आणि बेळ्ळी हे जोडपे घराघरांत पोहोचले. दिग्दर्शक कार्तिकी गोन्साल्विस या नीलगिरीतच वाढलेल्या, पाचेक वर्षे त्या या कुटुंबासोबत राहून चित्रण करत होत्या. माणूस आणि हत्ती यांचे एवढे जिव्हाळ्याचे चित्रण त्याशिवाय शक्यच नव्हते. त्यानंतर काही महिन्यांनी त्या जोडप्याने मोबदल्याबाबत तक्रार केली. निर्मात्यांनी ती फेटाळली. कोण बरोबर, हे ठरवणे आपले काम नाही. मात्र त्यातून एक गोष्ट दिसली. दिग्दर्शक त्याच डोंगरातली असली, तरी काट्टुनायकन आदिवासी कुटुंब आणि आंतरराष्ट्रीय वाहिनी यांच्यात अंतर उरतेच, आणि ते नुसत्या प्रेमाने भरून निघत नाही. कागदावर, त्यांना समजेल अशा भाषेत, आधीच काही लिहिलेले असावे लागते. ‘स्थानिक’ या शब्दाच्याही पायऱ्या असतात.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत धार आहे ती बिबट्याच्या बाबतीत. जुन्नर, शिरूर, अकोले, संगमनेर, नाशिक. उसाच्या फडात जन्मलेले बिबटे आणि फडाशेजारच्या वस्तीत वाढणारी मुले. इथे चित्रफितींचा तुटवडा नाही. ओट्यावरून कुत्रा उचलणारा बिबट्या, विहिरीत पडलेला बिबट्या, दुचाकीसमोरून गेलेला बिबट्या, रोज काहीतरी फिरत असते. त्यातली निम्मी जुनी किंवा भलत्याच जिल्ह्यातली, खाली मथळा ‘नरभक्षक’. ती बघून गर्दी जमते, गर्दीने बिथरलेला बिबट्या माणसांवर येतो आणि मग मागणी होते, पकडा आणि लांब सोडा.

या मागणीचे काय होते, ते जुन्नरनेच दाखवले आहे. २००१ नंतर तिथे मोठ्या संख्येने बिबटे पकडून दूर सोडण्याचा कार्यक्रम झाला. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की, आधी वर्षाला सरासरी ४ असलेले माणसांवरचे हल्ले त्यानंतर सरासरी १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, माणसाच्या हातून पकडला गेलेला प्राणी अधिक बेभरवशाचा होतो, असा त्याचा अर्थ. उलट अकोल्याच्या शेतशिवारात अत्रेय यांच्याच गटाला १०० चौरस किलोमीटरला जवळपास ५ पूर्ण वाढलेले बिबटे आढळले, तेही भर वस्तीत, जंगली भक्ष्य नसताना. ही दोन्ही निरीक्षणे गावातल्या किती जणांपर्यंत त्या फिरत्या चित्रफितींच्या वेगाने पोहोचली?

मुंबईत वेगळा प्रयोग झाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या वनविभागाने २०११ पासून नागरिक, अभ्यासक आणि पत्रकार यांना एकत्र आणले, पत्रकारांसाठी कार्यशाळा घेतल्या. त्यानंतरच्या बातम्यांचा सूर भीतीकडून समजुतीकडे सरकला, असे २०१७ मधल्या एका अभ्यासाने नोंदवले. आमच्या व्यवसायाला शिकवले तर तोही शिकतो, याचा तो पुरावा मानायला मी तयार आहे. मग फडाशेजारी राहणाऱ्या मोबाइलधारकाला का शिकवू नये? कॅमेरा त्याच्यापर्यंत पोहोचला, प्रशिक्षण पोहोचले नाही. संध्याकाळी मुलांना एकटे का सोडू नये, गोठ्याचे दार कसे हवे, पिंजरा लावला म्हणजे तोच बिबट्या सापडतो असे का नाही, हे पिंपरखेड किंवा अकोल्यातली एखादी शेतकरी बाई स्वतःच्या गोठ्यात उभी राहून, स्वतःच्या बोलीत सांगेल, ते शेजारच्या वाडीला पटेल. सरकारी फलक वाचायला कोणी थांबत नाही.

गोष्टींचा साठाही आपल्याकडे आहे. वारली पाड्यांतल्या वाघोबावर २०२१ मध्ये एक शोधनिबंध आला. संशोधकांनी दीडशे वाघोबांची स्थाने नोंदवली. त्यांतल्या कथांत वाघ-बिबट्याशी केलेला एक जुना करार आहे: तुझे तुला, आमचे आम्हाला. माळशेज घाटात सोडलेला आणि चालत मुंबईच्या जंगलापर्यंत आलेला ‘आजोबा’ बिबट्या तर चित्रपटाचा विषय झाला. सुजय डहाके यांचा तो चित्रपट २०१४ मध्ये आला. पण वाघोबाच्या भगताने स्वतः टिपलेला, वारलीत बोलणारा चित्रपट आपल्या वाहिनीवर रविवारी सकाळी पाहायचा असेल, तर त्यासाठी कोणीतरी वर्षभर त्याचे दिवसाचे भाडे भरायला हवे. मराठी उद्योगांचा सामाजिक निधी आहे, विद्यापीठांत पत्रकारितेचे विभाग आहेत, वनविभागाकडे जंगलालगतच्या गावांसाठी समित्या आहेत. या तिघांना एका टेबलाशी आणण्याइतकेच ते अवघड आहे, म्हणजे बरेच अवघड.

पुन्हा त्या बोटीवरच्या चित्रफितीकडे. ती भरपाईच्या अर्जाला जोडली जाते. अर्ज तपासला जातो, जाळ्याचे पैसे खात्यात येतात आणि फाइल बंद होते. पण त्या फितीत तारीख आहे, बंदर आहे, किनाऱ्यापासूनचे अंतर तांडेलाला ठाऊक आहे, बोटीच्या लांबीशी ताडून माशाची लांबी मोजता येते. शरीराच्या डाव्या बाजूचा, कल्ल्यांमागचा भाग स्पष्ट दिसला तर ठिपक्यांच्या रचनेवरून तो मासा कोणता, हेही ओळखता येते, कारण प्रत्येक व्हेल शार्कची नक्षी वेगळी असते आणि जगभरचे अभ्यासक तशीच ओळख पटवतात. दोन-चार सेकंद डावीकडून टिपा, एवढे त्या खलाशाला आधी कोणीतरी सांगायला हवे. आणि कॅमेरा बंद करण्याआधी, मासा केवढा होता, सोबत आणखी होते का, पाणी कसे होते, हे त्याने आपल्या भाषेत बोलून ठेवले तर आणखी बरे.